आमच्या उमेदवाराचं नाव वगळताना

सन्माननीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि माझं भाषण किती लांबतंय यावर आत्तापासूनच नजर ठेवून असलेले आमचे खजिनदार, समोर बसलेले सभासद, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे राहिलेले स्नेही, मोबाईलच्या पडद्यावरून हा कार्यक्रम बघणारे असंख्य हितचिंतक, ज्यांचे चेहरे आम्हाला दिसत नाहीत पण मतं मात्र लगेच कळतात, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती!

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बाहेरचा फलक वाचून मघाशी दोघंतिघं पडलेल्या चेहऱ्यानं आत आले आणि सत्कारमूर्तींना चहात बिस्किट बुडवताना बघून दचकले. त्यांची काही चूक नाही. ‘निरोप समारंभ’ हे शब्द आणि आमच्या संस्थेचं नाव एकाच फलकावर आलं, की कुणाचाही गैरसमज होईल. तर मंडळी, सत्कारमूर्ती सुखरूप आहेत. किंबहुना ते सुखरूप आहेत आणि तसे राहण्याची चिन्हं आहेत, म्हणूनच त्यांना निरोप द्यावा लागतो आहे. आमच्या संस्थेला निरोप देण्याचा दांडगा अनुभव आहे, पण निरोप घेणारा माणूस पहिल्या रांगेत बसून दुसरा कप मागतोय, हे आम्ही प्रथमच अनुभवतो आहोत. तेव्हा आमचा जरा गोंधळ उडाला, तर सांभाळून घ्या.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ज्या माणसांच्या मागे कुणीच नाही, ज्यांना रुग्णालयाच्या भाषेत ‘बेवारस’ म्हणतात, त्यांचा अंत्यविधी सन्मानानं करणं एवढंच आमचं काम. एक खोली, एक गाडी, गाडीचे सारथी आणि आम्ही पाचसहा म्हातारे. आमच्या संस्थापकांनी एकच नियम घालून दिला. ज्याचं कुणी नाही, त्याचे आपण. पण कुणी एक जण जरी ‘हा माझा’ म्हणत पुढे आला, तर आपण मागे सरायचं. इतक्या वर्षांत या नियमाचा कधी कुणाला त्रास झाला नाही. ‘हा माझा’ म्हणत येणार कोण? शेवटच्या जागी सारथी आणि मी असे दोघंच उभे असायचो. सारथींना ऊन लागलं, की मी एकटा.

मग मंदी आली. मंदी काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्यापैकी निम्मे जण तिच्यामुळेच कामाच्या दिवशी या कार्यक्रमाला मोकळे आहेत. (हसू नका, मी सहानुभूतीनं बोलतोय.) आमचे जुने देणगीदार हात आखडता घेऊ लागले. मी फोन केला, की पूर्वी विचारायचे, ‘यंदा किती पाठवू?’ आता म्हणायचे, ‘चिटणीससाहेब, तुमच्याकडेच यायची वेळ आलीय, आमची जागा राखून ठेवा.’ आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडीची बॅटरी गेली. पुढे ढकलत ढकलत गाडी न्यायची वेळ आली. शववाहिका ढकलणारे दोन म्हातारे बघून रस्त्यावरची माणसं टोपी काढून बाजूला व्हायची. पुढे येऊन हात लावायचं मात्र कुणाला सुचत नव्हतं.

अशा वेळी खजिनदारांनी त्यांच्या भाचीला आणलं. ती एका जाहिरात कंपनीत होती, ती कंपनी मंदीत बुडाली. खजिनदार म्हणाले, “घरी बसून ती माझं डोकं खाते, त्यापेक्षा संस्थेचं खाऊ दे.” आम्ही तिला प्रसिद्धीताई म्हणू लागलो. ताई, उभी राहा. लाजू नकोस, तू लाजतेस यावर इथे कुणाचाही विश्वास बसणार नाही.

पहिल्याच दिवशी ताई वही न उघडता, खुर्चीही न घेता म्हणाली, “लाभार्थ्यांचे फोटो लागतील.”

खजिनदारांनी विचारलं, “कसले फोटो?”

“आधीचा आणि नंतरचा. आपली मदत मिळण्याआधी माणूस कसा होता आणि मिळाल्यावर कसा झाला.”

“दोन्हींत फारसा फरक नसतो गं.”

“बरं, मग मनोगत घेऊ. दोनच ओळी. ‘या संस्थेमुळे माझं आयुष्य बदललं’, असं काहीतरी.”

दारात उभे असलेले सारथी म्हणाले, “ताई, आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. आणि दिसल्यावर कळवायची सोय नाही.”

पण ताई हटणारी नव्हती. तिनं आमची वेबसाईट केली. देणगी द्यायला मोठं हिरवं बटण केलं. देणगी दिली, की आपोआप आभाराचा निरोप जावा अशी व्यवस्था केली. तो निरोप तिनं आधीच्या नोकरीतल्या एका हॉटेलच्या जाहिरातीवरून घाईत तयार केला होता. आमचे सर्वांत जुने देणगीदार, फर्निचरवाले काका, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत होते. त्यांनी भीतीपोटी म्हणा, पुण्य म्हणून म्हणा, दाखल होण्याआधी आमचं हिरवं बटण दाबलं. लगेच उत्तर आलं, ‘धन्यवाद! आपली सेवा करण्याची संधी आम्हाला लवकरच मिळो, हीच सदिच्छा.’

त्यांचा फोन मला आला. ते काय म्हणाले हे व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. काका आज इथे ठणठणीत बसले आहेत आणि त्यांनी मोठ्या मनानं आम्हाला माफ केलं आहे. या खुर्च्या त्यांच्याच. कमी पडल्या, हा दोष गर्दीचा.

त्यानंतर ताईनं लोकांकडून अभिप्राय मागवले. आमच्या सेवेला किती तारे द्याल? पाचपैकी एक तारा आला. सोबत लिहिलं होतं, ‘वागणूक चांगली, पण गाडी उशिरा आली.’ हा अभिप्राय कुणी दिला, याचा आम्ही आजतागायत शोध घेतो आहोत. सारथी तर तेव्हापासून एकटे गाडीत बसत नाहीत.

आता तुम्ही विचाराल, सत्कारमूर्ती कधी येणार? आले. एका सकाळी दारावर टकटक झाली आणि इस्त्रीच्या गणवेशातला, छातीवर पितळी बिल्ला लावलेला एक वृद्ध गृहस्थ आत आला. आत आला म्हणजे दाराच्या बाजूला पाठ भिंतीला लावून उभा राहिला. बसा म्हटलं, बसेना.

मी म्हणालो, “कोण गेलं?”

“अजून कुणी नाही,” ते म्हणाले. “मीच जाणार आहे. नंबर लावायला आलोय.”

मी म्हटलं, “आमच्याकडे आगाऊ नोंदणी नसते हो.”

“का नसते? मला मागे ना पुढे कुणी नाही. मी गेल्यावर घरमालक तुम्हाला फोन करणार, तुम्ही येणार, तुम्हाला माझं वय माहीत नसणार, मला चहात साखर चालते का तेही माहीत नसणार. त्यापेक्षा आधी ओळख करून घेतलेली बरी नव्हे का?”

मी त्यांना विचारलं, चहात साखर चालते का. ते म्हणाले, “दोन चमचे.” अशी आमची ओळख झाली.

हे गृहस्थ लिफ्टमन. एका उंच इमारतीत, लोखंडी जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. मंदीत त्या इमारतीतली कार्यालयं एकामागून एक बंद झाली, तरी हे रिकामी लिफ्ट वरखाली नेत राहिले, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणारं कार्यालयच आधी बंद झालं होतं. शेवटी वीज तोडली, तेव्हा हे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये होते. तिथून उडी मारून बाहेर आले आणि थेट आमच्याकडे.

ताई कोपऱ्यातून त्यांच्याकडे एकटक बघत होती. इतक्या दिवसांत तिला आमचा पहिला बोलता लाभार्थी दिसला होता.

“आजोबा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलाल?”

“काय बोलू?”

“काहीही. तुम्ही आमचे भावी लाभार्थी आहात.”

खजिनदारांना ‘भावी लाभार्थी’ हा शब्द अशुभ वाटला. बराच खल होऊन ‘उमेदवार’ हा शब्द ठरला. नोंदीसाठी ठरला, पण त्यात उमेद आहे हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी आमचे उमेदवार ऑनलाईन दिसू लागले. पहिल्या शुक्रवारी ते कॅमेऱ्याकडे अर्धी पाठ करून उभे राहिले, लिफ्टमध्ये उभे राहायचे तसे. ताईनं कितीही सांगितलं तरी वळेनात. म्हणाले, “प्रवाशांकडे टक लावून बघायचं नसतं.” आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. लिफ्टमध्ये ऐकलेलं एक संभाषण. दोन भागीदार आत शिरले, एक दुसऱ्याला म्हणाला, काल रात्री तुझी बायको माझ्याकडे आली होती, रडत होती, तिनं मला एक पेटी दिली आणि म्हणाली…

उमेदवार थांबले.

ताई पडद्याआडून म्हणाली, “काय म्हणाली?”

“मला काय ठाऊक? पाचवा मजला आला, ते उतरले.”

आणि नमस्कार करून उमेदवार निघून गेले. ताईनं कपाळावर हात मारला. खजिनदार म्हणाले, झालं, होतं नव्हतं ते गेलं. पण दुसऱ्या दिवशी हिरव्या बटणावर झुंबड उडाली. लोक विचारत होते, पेटीत काय होतं? कुणी लिहिलं, दागिने. कुणी लिहिलं, मुलाचे कपडे. एका वकिलांनी तर भागीदारांपैकी कोणाचा कायदेशीर हक्क किती, यावर पानभर मजकूर पाठवला आणि त्यासोबत देणगी.

मंडळी, या माणसाकडे अशा अर्ध्या गोष्टींचं भांडार होतं! जन्मभर दुसऱ्यांचं आयुष्य ऐकलं, पण शेवट एकाचाही नाही. आणि काय सांगू, लोकांना ते फार आवडलं. ज्यांच्या नोकऱ्या अर्ध्यावर सुटल्या होत्या, घरं अर्ध्यावर बांधून पडली होती, ती माणसं शुक्रवारची वाट बघू लागली. खिशात फार नसलं, तरी थोडं थोडं पाठवू लागली. गाडीला नवी बॅटरी बसली. सारथींनी हॉर्नही दुरुस्त करून घेतला. शववाहिकेला हॉर्न कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, “पुढच्यांना घाई नसते, मागच्यांना असते.”

पण पैसा आला, की त्याच्या मागून शहाणपण येतं. एका बड्या कंपनीनं घसघशीत देणगी दिली आणि तिचे एक तरुण अधिकारी पाहणीला आले. संगणकावर बोट फिरवत म्हणाले, “आम्ही दिलेल्या निधीची फलनिष्पत्ती दिसत नाही. लाभार्थ्याला अद्याप लाभ मिळालेला नाही.”

मी म्हणालो, “ते अजून जिवंत आहेत.”

“ते समजलं. पण वर्ष संपण्याआधी काही प्रगती?”

उमेदवार तिथेच उभे होते. ते नम्रपणे म्हणाले, “साहेब, मी प्रयत्न करीन.”

तुम्हाला हसू येतंय, पण त्या दिवशी ताई आत जाऊन रडली. बाहेर आली आणि त्या अधिकाऱ्यांना म्हणाली, “तुमचे पैसे परत घेऊन जा.” खजिनदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ताईनं खरोखरच पैसे परत पाठवले. संस्थेच्या इतिहासात देणगी परत करण्याची ती पहिलीच वेळ, आणि खजिनदारांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच दिवशी सुरू झाल्या.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका शुक्रवारी उमेदवारांनी एका मुलीची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वीची. सातव्या मजल्यावर टंकलेखक म्हणून काम करायची, बोटं कायम शाईनं निळी. एका दुपारी लिफ्टमध्ये मैत्रिणीला म्हणाली, आज मी त्याला विचारणारच. हो म्हणाला, तर संध्याकाळी याच लिफ्टनं खाली येईन. नाही म्हणाला, तर… आणि मजला आला.

नेहमीसारखं ‘पुढचं मला ठाऊक नाही’ म्हणून ते निघून जातील, असं आम्हाला वाटलं. पण ते थांबले. म्हणाले, “त्या दिवशी मी सुटी झाल्यावरही लिफ्ट सातव्यावर धरून ठेवली. वरचे साहेब घंटा वाजवून वाजवून थकले, शिव्या दिल्या. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही कधी नाही. त्या मुलीचं काय झालं, एवढं एकच मला मरायच्या आधी कळलं, तर बरं होईल.”

त्या रात्री लोकांनी त्या मुलीची कमीत कमी चाळीस लग्नं लावली आणि तेवढ्याच वेळा तिला नदीत ढकललं. पुढच्या आठवड्यात एक ओळ आली. ‘ती मी. जिन्यानं गेले.’

ताईनं ती ओळ उमेदवारांना वाचून दाखवली. ते आयुष्यात पहिल्यांदा आमच्या खोलीत खुर्चीवर बसले.

दोन दिवसांनी त्या बाई स्वतः आल्या. गणवेश शिवायचं त्यांचं दुकान आहे. हातात टेप, कानामागे खडू, दुकानातून उठून तशाच आल्या होत्या. उमेदवार भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाई त्यांच्यासमोर थांबल्या आणि काही बोलण्याआधी त्यांनी उमेदवारांची कॉलर सरळ केली.

“मंडळी काहीतरी भलतंच समजून बसली आहेत,” त्या म्हणाल्या. “मी साहेबांना विचारायला गेले होते, मला हिशेबाचं काम शिकवाल का म्हणून. ते हसले. सगळं कार्यालय हसलं. मी नोकरी सोडून जिन्यानं खाली आले.”

“जिन्यानं का पण?” उमेदवारांचा आवाज चढला. “मी लिफ्ट धरून ठेवली होती!”

“ठाऊक होतं मला.”

“ठाऊक होतं?”

“जिन्यावरून दिसत होती ना! तुम्ही उभे होतात दार उघडं धरून. सगळे हसले तरी मी रडले नव्हते, दादा. तुमच्या लिफ्टमध्ये आले असते, तर तुम्ही काही न विचारता लिफ्ट हळू नेली असती, नेहमी न्यायचात तशी. मग मला रडू आवरलं नसतं. म्हणून सात मजले पायी उतरले.”

आम्ही सगळे मान खाली घालून काहीतरी काम असल्यासारखं करत होतो. सारथी तर कोरड्या गाडीवर फडकं मारायला निघून गेले. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरचा संस्थेचा फलक वाचला.

“आणि हे काय? यांचं कुणी नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी म्हणालो, “त्यांनीच.”

“त्यांना काय कळतंय! हा माझा भाऊ आहे.”

सभागृहातल्या मंडळींनो, बाईंनी हे म्हटलं आणि खजिनदारांच्या हातातला पेला खाली पडला. कारण नियम! कुणी एक जण जरी ‘हा माझा’ म्हणत आला, तर संस्थेनं मागे सरायचं. उमेदवार अपात्र. शुक्रवार बंद. हिरवं बटण बंद. म्हणजे आमचा प्राण ज्या माणसात अडकला होता, तो माणूसच हातचा जाणार होता.

तातडीची सभा भरली. खजिनदारांनी बाईंना हात जोडून विनंती केली, “बाई, तुमचा जिव्हाळा मान्य आहे. पण तो पुढच्या आर्थिक वर्षात व्यक्त केलात तर?” एका सभासदांनी सुचवलं, की भाऊ मानावा, पण तोंडी मानावा. उमेदवार तर सर्वांत जास्त भडकले. म्हणाले, “मी आधी नंबर लावलाय! आयुष्यात एक गोष्ट माझ्या नावावर पक्की झाली होती, ती पण काढून घेता?” बाई म्हणाल्या, “दादा, तुमचं सगळं मी बघीन.” उमेदवार म्हणाले, “ही मंडळी बघणार म्हणाली होती, चहात साखर चालते का ते विचारून!” आणि बाहेर त्या इमारतीत पूर्वी काम केलेली माणसं जमली होती. पाचव्या मजल्याचे निवृत्त कारकून म्हणत होते, तो आमचा. तिसऱ्या मजल्याच्या बाई म्हणत होत्या, माझ्या बाळंतपणाच्या आधल्या दिवसापर्यंत त्यानं मला वर नेलं, तो आमचाच. ज्याला जन्मभर कुणी नव्हतं, त्याच्यावरून दारात हमरीतुमरी चालली होती.

अध्यक्ष महोदय, तुम्ही त्या दिवशी एकच प्रश्न विचारलात. तुम्ही विचारलंत, “ताई, तुला काय वाटतं?”

आणि ताई म्हणाली, “मी लोकांना सांगितलं होतं, यांचं कुणी नाही. आता ते खरं राहिलं नाही. खोटं सांगून मिळणारे पैसे मला या कामासाठी नकोत. शुक्रवारी मी खरं सांगणार.”

खजिनदारांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मामा-भाचीचं बिनसणार. ते म्हणाले, “सांग. पण नीट सांग, रडू नकोस. रडलीस तर मलाही येईल.”

शुक्रवारी ताईनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं, की आमचे उमेदवार यापुढे बेवारस नाहीत, सबब त्यांचं नाव वगळण्यात येत आहे. आणि हेही सांगितलं, की आजच एका माणसाला आम्ही निरोप दिला, ज्याची एकही गोष्ट आम्हाला ठाऊक नाही, अर्धीसुद्धा नाही. तिथे चिटणीस आणि सारथी असे दोघंच होते. एवढं बोलून तिनं पडदा बंद केला. मामा-भाची दोघंही रडली, तो भाग वेगळा.

पुढे काय झालं हे सगळं गोड करून सांगणार नाही. बऱ्याच जणांनी देणगी थांबवली. काहींनी कळवलं, आमचा उमेदवार नाही, तर आम्हीही नाही. एका गृहस्थांनी पेटीत काय होतं हे न सांगितल्याबद्दल पैसे परत मागितले. गाडीची मागची चाकं गुळगुळीत झाली आहेत आणि तुमच्यापैकी कुणी टायरवाले असतील, तर कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटा. मी दाराशीच उभा राहणार आहे, तुमची सुटका नाही.

पण त्यानंतरच्या आठवड्यात आम्हाला एका आजींसाठी जायचं होतं. नाव ठाऊक नव्हतं. आम्ही पोहोचलो, तर स्मशानाच्या फाटकाशी माणसं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. मी सारथींना म्हटलं, “गाडी जरा बाजूला घ्या, त्यांचं होऊ द्या.” तर त्यातले एक वकील पुढे आले, तेच पानभर मजकूरवाले, आणि म्हणाले, “आम्ही आजींसाठी आलोय, ताईंना वेळ विचारून.” मागे पाचव्या मजल्याचे कारकून होते. एक नोकरी गेलेला इंजिनियर होता, म्हणाला, द्यायला पैसे नाहीत, पण वेळ आहे. फर्निचरवाले काका शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. आणि सर्वांत पुढे, नव्या शिवलेल्या गणवेशात, आपले सत्कारमूर्ती. त्यांनी फाटक उघडून धरलं आणि आजींना आत नेईपर्यंत धरून ठेवलं. मी इतकी वर्षं तिथे जातो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला उभं राहायला मागे जागा शोधावी लागली.

तेव्हापासून कुणाही माणसासाठी आम्ही एकटे गेलेलो नाही. ताई ऑनलाईन फक्त एवढंच कळवते, उद्या सकाळी एक जण जाणार आहे, ज्याला यायचं त्यानं यावं. हिरवं बटण त्याच्या खाली असतं. त्यावर कधी बोट पडतं, कधी नाही.

आता सत्कारमूर्तींबद्दल चार शब्द. दादा, तुमचं नाव वगळण्याचा ठराव आम्ही एकमतानं मंजूर केला. तुम्ही विरोधात मत दिलंत, पण तुम्ही सभासद नाही. आमच्या संस्थेतून आजवर कुणीही पायी चालत बाहेर गेलेलं नाही. तुम्ही पहिले. आम्हाला तुमची सेवा करता आली नाही, याचा आम्हाला आनंद होतो आहे. इतका विचित्र आनंद मी कधी व्यक्त केला नव्हता, वाक्य कुठे चुकलं असेल तर ताई दुरुस्त करील.

अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, खजिनदारांनी चहाचा खर्च न कुरकुरता मंजूर केला, काकांनी खुर्च्या दिल्या, सारथींनी ध्वनिक्षेपक गाडीतून आणला, ताईनं आम्हाला जगासमोर उभं केलं, आणि गणवेशवाल्या बाईंनी आज दुकान बंद ठेवलं नाही, पण घरी दादांसाठी स्वयंपाक लवकर आटोपून ठेवला, या सर्वांचा मी संस्थेच्या वतीनं ऋणी आहे. जे उभे राहिले त्यांचे पाय दुखले असतील, त्यांनी आणि पडद्यावरून बघणाऱ्यांनीही मोठ्या मनानं क्षमा करावी. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा नको तेवढा झाला असेल, मृत्यूसारख्या गोष्टीवर हसणं कुणाला रुचलं नसेल, तर तो दोष माझ्या जिभेचा समजा, संस्थेचा नको.

अजून बोललो असतो. पण मघाशी व्यासपीठावर चढताना सत्कारमूर्तींनी माझी बाही ओढली आणि कानात म्हणाले, “चिटणीससाहेब, जरा लवकर आटपा. आठपर्यंत येतो, असं घरी सांगून आलोय.”

मंडळी, मी थांबतो.